दस्त्याचा खालचा स्क्रू

१२ ऑक्टोबर, दसरा

ही डायरी रंजीताने दिली. लोकांच्या बायका दसऱ्याला शर्टाचं कापड आणतात, माझ्या बायकोने डायरी आणली आणि वर म्हणाली, "घरी चिल्लावाच्या ऐवजी यात लिवत जा. शेजारची बाई मले विचारे, सर रोज कोनासंग भांडते म्हनून." मी कोणाशी भांडत नाही. माझा आवाज मोठा आहे, इतकंच. वीस वर्षं पी.टी. शिकवतोय. मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा आवाज घरी आल्यावर काय खुंटीला टांगायचा?

असो. आज आश्रमशाळेत शस्त्रपूजा केली. आमच्याकडे शस्त्र एकच: नेमबाजीची एअर रायफल, लाकडी दस्त्याची, नागपूरच्या एका क्लबने जुनी झाली म्हणून देऊन टाकलेली. धान्याच्या रिकाम्या कोठीत मी दहा मीटरची रेंज बनवली आहे, तिथेच पाट मांडला. हेडसर म्हणाले, हळदी-कुंकवाचं एक बोट लावा आणि नारळ फोडा. एक बोट! वर्षातून एकदा पूजा आणि त्यातही चिकटपणा. मी रायफल पाटावर दस्त्यावर उभी केली आणि सासऱ्यांनी पाठवलेलं घाण्याचं जवसाचं तेल दस्त्याला वरपासून खालपर्यंत मनसोक्त पाजलं. आमच्या घरी नांगर, वखर, कुऱ्हाड, सगळ्यांना असंच पाजायचे. मग पोरी ओळीने आल्या, प्रत्येकीने चिमूट चिमूट हळद-कुंकू वाहिलं.

करिश्मा मागून म्हणाली, "सर, खाली लय साचलं, पुसू का?" मी म्हटलं, पूजा झालेली वस्तू लगेच पुसत नसतात. या पोरींना रीतभात काही शिकवलेलीच नाही.

२१ ऑक्टोबर

करिश्माची विभागीय स्पर्धेसाठी नोंद झाली. ८ डिसेंबर, नागपूर. पहिल्या चौघी राज्य स्पर्धेला पुण्याला जातील. नववीतली पोर, तिकडे कोरचीच्या बाजूच्या गावची, बाप धान करतो आणि मोहफुलं वेचतो. वडशापासून पंचवीस किलोमीटर आत असलेल्या शाळेतली पोरगी पुण्याला उभी राहील. पंधरा वर्षं मी याच दिवसासाठी घसा फोडतोय.

अडचण एकच. दस्ता लांब आहे. क्लबमधल्या कोणा सहा फुटी माणसाच्या मापाचा. करिश्माचे हात आखूड, त्यामुळे ती मान ताणून डोळा लावते आणि तासाभरात खांदा धरून बसते. दस्त्याच्या टोकाला खांद्याला टेकणारी रबरी पट्टी आहे. पट्टी आणि लाकूड यांच्या मधे तीन लाकडी चकत्या. दोन चकत्या काढल्या की दस्ता तिच्या मापाचा होतो. दोन स्क्रू खोलायचे. पाच मिनिटांचं काम, म्हणून आज संध्याकाळी बसलो.

वरचा स्क्रू निघाला, पण कुरकुरत. बरोबर लाल चुरा पडला. गंज! क्लबवाल्यांनी गंजकी रायफल आमच्या गळ्यात मारली आणि वर फोटो काढून पेपरात छापून आणला.

खालचा स्क्रू जागचा हलला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तर पेचकस घसरला, स्क्रूच्या खाचेची एक कड उडाली आणि माझ्या अंगठ्याचं कातडं गेलं. अंगठा जाऊ दे. खाच उडाली ते वाईट झालं.

२२ ऑक्टोबर

कोठीची चावी लच्छूकडे असते. शिपाई आहे, भला माणूस आहे, पण झोपाळू. त्याला विचारलं, रायफल ओलीत ठेवली होतीस का?

"नाई बा सर. मी तं कपाटात ठेवतो. कापडात गुंडाळून."

"मग गंज कुठून आला?"

"मले काय मालूम? मले तं गंज वाटून नाई राह्यला."

याला गंज वाटून नाई राह्यला! जसा काही लोखंडाच्या कारखान्यात जन्मला. मी त्याला चार गोष्टी सुनावल्या. मग वडशाहून गंज सोडवायचा स्प्रे आणला, अर्धा डबा स्क्रूवर मारला आणि रात्रभरासाठी ठेवून दिला.

२४ ऑक्टोबर

स्प्रेचा काडीचाही उपयोग नाही. दुकानदाराला फोन लावून विचारलं की डब्यात पाणी भरून विकतोस का. त्याने फोन ठेवला.

हातोडीने पेचकसाच्या मुठीवर ठोके दिले. मूठ फुटली. करिश्मा दारात उभी होती. "सर, एक गोष्ट सांगू का? तो स्क्रू हाये ना..." मी म्हटलं, आता मला कोणी काही सांगू नका, जा, मैदानाला पाच चकरा मार. या मुलीचं हेच. माणूस कामात असला की मधे बोलायचं. पाचच्या जागी सहा चकरा मारून आली. जिद्दी आहे, हे कबूल.

३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. पोरी गावी गेल्या. धान कापणी चालू आहे, म्हणजे त्या उशिरानेच येणार आणि आल्या की हात सुजलेले असणार. विळा धरलेल्या हाताने नेम कसा धरायचा? कोणाला सांगायचं?

वडशात एका लेथवाल्याला रायफल दाखवली. म्हणाला, ड्रिल मारून स्क्रू उडवतो. मी म्हटलं, आणि दस्ता चिरला तर दुसरा तू देणार? तो म्हणाला, सर, आवाज कमी करा, दुकानात गिऱ्हाईक हाये. सगळ्यांना माझा आवाजच दिसतो. कामाचं कोणी बोलत नाही.

संध्याकाळी रंजीता म्हणाली, चला, नाटक पाहू, वडशात पहिली कंपनी उतरली. गेलो. तिसऱ्या अंकात खलनायक लाकडी बंदूक घेऊन आला. तिच्या दस्त्याकडे पाहूनच माझं डोकं फिरलं. उठून बाहेर आलो.

१६ नोव्हेंबर

करिश्मा आली. हाताला घट्टे आहेत, पण आली. लांब दस्त्यावरच सराव घेतला. मी मागे उभा राहून प्रत्येक छर्ऱ्याला सांगत होतो: मान, खांदा, श्वास, बोट, मान! इतकं सांगूनही दहाच्या वर्तुळात मोजून तीन. बाकी सगळे डावीकडे फेकलेले. चूक दस्त्याची आहे. त्या एका स्क्रूमुळे माझी पंधरा वर्षं डावीकडे चालली आहेत.

२२ नोव्हेंबर

निवडणुकीची ड्युटी आटोपून आलो. तीन दिवस बूथवर, आंघोळ नाही, आणि वर मतदान यंत्राची पेटी घेऊन पोलिसांबरोबर चालत. पण ते सोडा. आल्याआल्या कोठीत गेलो तर लच्छूने टार्गेटचे कागद खिळ्याला अडकवून ठेवले होते. मी नव्हतो तेव्हा पोरींनी सराव केला म्हणे. करिश्माचे कागद पाहिले. सगळी भोकं मधे गोळा झालेली.

हे शक्य नाही. तोच लांब दस्ता, तीच मुलगी. लच्छूला विचारलं, कागद जवळ लावला होता का? म्हणाला, नाई सर, तुमच्या खुनेवरच लावला. मग दुसऱ्या कोणाचे कागद असतील. म्हणाला, तिचेच होत. "मस्त गोठी सांगत मारत होत्या पोरी."

गप्पा मारत नेमबाजी! याच्या देखरेखीखाली दुसरं काय होणार? कागद काढून घेतले. लगेच करिश्माला माझ्यासमोर उभं केलं. पुन्हा डावीकडे. म्हटलं ना मी.

२५ नोव्हेंबर

आज तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी कोठीत शिरलो तर करिश्मा जमिनीवर बसलेली, रायफल मांडीवर आडवी आणि हातात केसांची पिन. खालच्या स्क्रूत पिन घालून कोरत होती. आधीच खाचेची एक कड उडालेली, त्यात ही पोर पिनेने उरलीसुरली खाच खरवडतेय!

"काय करून राह्यली?"

"सर, यात ते..."

मी पुढचं ऐकलं नाही. सगळ्या पोरींसमोर सांगितलं की रायफल म्हणजे काय भातुकली नाही, आजपासून माझ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि ज्यांना स्वतःची अक्कल चालवायची असेल त्यांनी सरळ घरी जावं.

तिने रायफल टेबलावर ठेवली, कापड नीट घातलं आणि गेली. मला वाटलं खोलीत गेली. लच्छूने साडेचारला सांगितलं की ती कोरचीच्या गाडीत बसली.

पंधरा वर्षं! आणि एवढ्याशा बोलण्यावर घरी जाते.

२७ नोव्हेंबर

आजचं लिहायला हात वळत नाही.

स्क्रू पुसलेला माझा रुमाल रंजीता धूत होती. साबण लावल्याबरोबर तिने हाक मारली. रुमालावर जिथे पिवळट डाग होता तिथे लालभडक झालं होतं.

"गंज म्हनत होते ना तुमी? गंजाले साबन लावला का असा लाल होते का कधी? ही हळद होय. आन हे कुंकू. वास घ्या, तेल हाये जवसाचं. दस्त्याले काय लावलं होतं तुमी?"

तीच पुढे बोलली, "खिडकीच्या काचा बसवाले लांबी लावते ना, ती जवसाच्या तेलातच मळते. वाळली का दगड. तुमी बंदुकीत लांबी भरली."

मला राग आला. पूजा चुकीची नव्हती, हे आधी लिहून ठेवतो. पूजा करायचीच असते. फार तर प्रमाण जास्त झालं असेल. पण रायफल दस्त्यावर उभी केली तर तेल खाली जाणार आणि तिथे स्क्रूची भोकं आहेत, हे कोणीतरी मला वेळेवर सांगायला नको? चाळीस पोरी, हेडसर, लच्छू, एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

करिश्मा त्या पिनेने नेमकं काय कोरत होती, ते आता कळलं. म्हणजे तिला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?

२८ नोव्हेंबर

निघाला.

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून डाग द्यायचं सोल्डरिंग मशीन मागून आणलं. आधी करिश्माची पिन घेतली, टेबलावरच पडली होती, आणि खाचेतली लांबी कोरून काढली. तिने अर्धी आधीच काढलेली होती. मग जुन्या रुंद पेचकसाचं पातं कानशीने घासून घासून खाचेत घट्ट बसेल असं केलं. जराही फट ठेवली नाही. मशीनचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरलं. थोड्या वेळाने कोठीत जवसाच्या तेलाचा वास सुटला, घाण्यावर येतो तसा.

आधी स्क्रू उलट नाही फिरवला. किंचित आवळायच्या बाजूला दाबला, मग सोडायच्या. नाही. पुन्हा तापवला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. छाती मुठीवर टेकवून सगळं वजन टाकलं. ओरडलो नाही, ओरडायला श्वासच नव्हता. तिसऱ्यांदा आतून कच् असा बारीक आवाज आला आणि पेचकस केसभर फिरला. मला वाटलं घसरला. घसरला नव्हता. मग पाव वेढा, अर्धा वेढा, आणि खालचा स्क्रू लाल-पिवळी भुकटी सांडत माझ्या तळहातावर आला.

"निघाला रे!" मी असा ओरडलो की पत्रे वाजले. दारात दोन पोरी आल्या होत्या, त्या पळून गेल्या. लाजल्या असाव्यात.

चकत्या काढल्या, दोन्ही स्क्रू रॉकेलने धुतले, हलके आवळले. उद्या कोरचीच्या बाजूला जायचं. स्पर्धेला आता जेमतेम दहा दिवस आहेत.

३० नोव्हेंबर

काल हेडसरांनी गाडी अडवून धरली म्हणून आज गेलो. लच्छूला घेतलं, रायफल घेतली.

करिश्माचा बाप इतवारी अंगणात धानाची मळणी करत होता. "जोहार सर," म्हणाला आणि बाज टाकली. मी बसायला गेलो नव्हतो. करिश्मा घराच्या कडेला उभी होती, खांद्याला लाकडाचा तुकडा लावून. बंदुकीच्या आकाराचा, कुऱ्हाडीने घडवलेला. समोरच्या झाडाला चुन्याचा ठिपका. मला येताना तिने पाहिलं होतं, पण लाकूड हललं नाही. पूर्ण श्वास सोडून मगच तिने ते खाली ठेवलं.

इतवारी म्हणाला, "तिच्या हाताच्या नापानं कापून देल्लं मी. गोळी नाई, पन उभं राहाले होते."

मी लाकूड हातात घेतलं. दस्त्याची लांबी बरोबर तेवढी होती जेवढी मी परवा चकत्या काढून केली. मग रायफल दिली. तिने खांद्याला लावली, गाल लाकडावर आपसूक टेकला, मान सरळ. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "कुंकू आहे त्यात, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होती सर. दसऱ्यालेच सांगत होती."

मी म्हटलं, बरं, झालं ते झालं, चल, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ सराव, सात तारखेला आपण नागपूर.

"मी येतो सर. पन तुमी नागपूरले येऊ नका."

"काऊन?"

तिने बापाकडे पाहिलं. इतवारी धानाकडे पाहत होता. मग तिने माझ्याकडे पाहून सांगितलं, "तुमचा आवाज आला का माझा हात हालते. बंदूक लांब होती, त्यानं खांदा दुखे. पन तुमी इलेक्शनले गेलते तवा त्याच बंदुकीनं मी चांगली मारली. लच्छूभाऊले विचारा."

लच्छू गाडीच्या चाकाकडे बघायला लागला. मी उठलो. काय बोललो ते आठवत नाही, पण इतवारीच्या कोंबड्या पळाल्या एवढं आठवतं. ती हलली नाही. रायफल दोन्ही हातांत आडवी धरून तशीच उभी राहिली, माझं बोलणं संपेपर्यंत, आणि मग आत जाऊन कपड्यांची पिशवी घेऊन आली.

परतीच्या वाटेवर रायफल तिच्याच मांडीवर होती.

१ डिसेंबर

मी कधी ओरडतो? मी सांगतो. सांगायचंसुद्धा नाही का? मी नसतो तर या पोरीने रायफल पाहिलीही नसती. कोठीतले उंदीर मी काढले. पत्र्याची भोकं मी बुजवली. क्लबच्या दारात आठ वेळा मी गेलो. आणि आता म्हणते येऊ नका.

रंजीताला सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल की पोरगी उद्धट आहे. ती कणीक मळत होती, म्हणाली, "मंग मी जातो तिच्यासंग."

जा! सगळे जा!

थोड्या वेळाने: डायरी बंद केली होती, पुन्हा उघडली. लच्छूने खिळ्याला अडकवलेले ते कागद कपाटातून काढले आणि माझ्यासमोर मारलेल्या कागदांच्या शेजारी लावले. बराच वेळ पाहिले. राग आला. मग राग गेला आणि भीती वाटली, आणि मला भीती आवडत नाही, म्हणून रंजीतावर ओरडलो की चहात साखर नाही. साखर होती.

५ डिसेंबर

या आठवड्यात कोठीत गेलो नाही. सराव लच्छू घेतो. मी मैदानात मुलांची कवायत घेतो आणि कोठीचं दार दिसणार नाही अशा बाजूला उभा राहतो. आज टिक् टिक् छर्ऱ्यांचा आवाज येत होता. मधे पोरी हसल्या. काय हसण्यासारखं आहे नेमबाजीत?

लच्छूला विचारलं, कसं आहे? "बेस हाये सर." बेस म्हणजे किती? "बेस म्हनजे बेस." याच्या कानाखाली काढावीशी वाटली. मुठी वळून परत आलो. पण खरी गोष्ट ही की नव्या मापाचा दस्ता अंगवळणी पडायला महिना लागतो. तिला आठवडा मिळाला. पाच आठवडे मी गंजाशी लढत होतो, जो नव्हताच.

८ डिसेंबर

पहाटेच उठलो. काल रंजीता, करिश्मा आणि इतवारी रेल्वेने नागपूरला गेले. मी घरी. नळाची गळती दुरुस्त केली, मग नळ तोडून पुन्हा बसवला. शेजारच्या बाईने विचारलं, सर, आज शांत हाये? मी खिडकी लावून घेतली.

दुपारी फोन आला. रंजीता म्हणाली, "तिच्याजवळ देतो. हळू." आणि फोन दिला.

"सर, नाई झाली निवड. पाचवी आली."

चौघी जाणार होत्या. पाचवी! एका जागेने. माझ्या तोंडात सगळं एकदम आलं: पहिल्या फेरीत का घाई केलीस, श्वास सोडलास का, मान, मान, आणि त्या क्लबवाल्यांचं काय, आणि तो स्क्रू, आणि ते तेल, आणि ते तेल कोणी ओतलं. मी नळाचा पाना खाली ठेवला. पलीकडे हॉलमधल्या लोकांची गडबड ऐकू येत होती.

"सर, हाये का लाईनवर?"

"हाव."

"काई बोलून नाई राह्यले तुमी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "जेवली का?"

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. ही पोर सहा चकरा मारूनही रडत नाही, कोंबड्या पळाल्या तेव्हाही रडली नाही.

"नाई सर."

"मग आधी जेव. इतवारीलेही जेवू घाल."

"हाव." मग म्हणाली, "सर, पुढच्या साली तुमी या. मागच्या खुर्चीवर बसा."

फोन ठेवला आणि मी घरभर फिरलो. मागच्या खुर्चीवर! ज्या पोरीला मी रायफल धरायला शिकवलं ती मला खुर्ची दाखवते, तीही मागची! संध्याकाळी रंजीता परत आली तर तिला हेच सांगितलं, चांगलं मोठ्यांदा सांगितलं. ती पायातली चप्पल काढत म्हणाली, "मंग नका जाऊ."

मी जाणार आहे.